नोंदवहीप्रमाणे बरोबर

"बाई, शाळंची किल्ली पायजे हुती. चार दिसांसाठी."

भानुदास खताळ चपला बाहेर काढून दारात उभा होता. मी शाळेतल्या एकुलत्या एका पंख्याखाली जनगणनेचे कागद पसरून बसले होते. मे संपत आलेला. मास्तरांना उन्हाळ्याची सुट्टी असते असं ज्यानं कुणी पसरवलंय, त्याला एकदा बाभूळमाळच्या वस्त्यावस्त्यांवरून भर उन्हात माझ्याबरोबर फिरवायला पाहिजे. घरात किती खोल्या, छप्पर कशाचं, संडास आहे का, आणि असला तर त्यात कडबा ठेवलाय का, हे सगळं विचारून माझ्या घशाला कोरड पडली होती.

"किल्ली कशाला?"

"लगीन हाय घरात. मांडव शाळंम्होरं घालायचा. वऱ्हाडाला टेकायला ह्या दोन खोल्या लागत्यात."

त्यात नवल काही नव्हतं. वस्तीवर सपाट जागा म्हणजे शाळेपुढचं पटांगण. बारसं, साखरपुडा, लग्न सगळं तिथंच व्हायचं, आणि पंधरा जूनला शाळा उघडली की पोरं आधी अक्षता झाडायची, मग प्रार्थना म्हणायची. पण भानुदासची थोरली सिंधू तीन वर्षांपूर्वीच उजवली होती, आणि मुलगा त्याला नव्हता.

"कुणाचं लग्न?"

"बारकीचं."

मी पेन खाली ठेवलं. "लोचनाचं? अहो, परवा तर तिचा बारावीचा निकाल लागला. चौऱ्याहत्तर टक्के पडलेत. पेढा घेऊन आली होती माझ्याकडं."

"व्हय की. म्हनून तर स्थळ चालून आलं. पोरगा डेअरीत सुपरवायझर हाय. पोरगी बारावी पास हाय म्हनल्यावर लगीच हो म्हनाले ते."

"आणि तिचं नर्सिंग? फॉर्म भरलाय तिनं. चौदा तारखेला मुलाखत आहे."

"सासरची म्हनत्याल तसं."

"सासरची काय म्हणणार ते मला सांगू नका, भानुदास. आणि तिला अठरा तरी पूर्ण आहेत का?"

भानुदास हसला. वाईट हसला असं नाही म्हणता येणार. घरातल्या माणसाशी हसावं तसा हसला. हळदकुंकवाचं बोट लावलेली पत्रिका त्यानं माझ्या कागदांवर ठेवली. सहा जून, रविवार, दुपारी बारा पस्तीस.

"ते तुमास्नीच ठावं की, बाई," तो म्हणाला.

मला वाटलं टोमणा मारतोय. माझं डोकं सटकलं. "किल्ली मिळणार नाही," मी म्हणाले.

"ऱ्हाऊं द्या. दुसरी सरपंचांकडं हाय. पर तुमी मातर यायचं. पयला आशीर्वाद तुमचा." चपला घालून तो गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लोचना आली. धापा टाकत आली, केस तसेच. दाराशी न थांबता सरळ आत येऊन पहिलीच्या पोरांच्या बसकरावर बसली. तिची ती जुनीच जागा होती.

"बाई, मला हे लग्न करायचं नाही."

"आईला सांगितलंस?"

"आई रडते नुसती. म्हणते, तुझ्या बापाच्या पुढं माझं काय चालतंय. बाई, मला सोळा संपून सात महिने झालेत. कायद्यानं नाही करता येत ना? तुम्हीच सांगितलं होतं की आठ मार्चला. भाषणात."

सांगितलं होतं खरंच. आदल्या वर्षी मी या शाळेवर मुख्याध्यापक होऊन परत आले होते. त्याआधी मी शहाण्णव सालापासून इथंच होते, मध्ये सहा वर्षं शेजारच्या गावाला बदली झाली होती. तर महिला दिनाला वस्तीवरच्या बायका गोळा करून मी अगदी गळा ताणून बोलले होते. लोचना पहिल्या रांगेत बसली होती आणि मुंडी हलवत होती.

"नाही करता येत," मी म्हणाले. "आणि होऊ देणार नाही. मी आहे ना? तू चौदा तारखेची तयारी कर. फोटो काढलेत का पासपोर्ट साईजचे?"

"काढलेत."

"मग जा घरी. रडायचं नाही. मला रडकी पोरं आवडत नाहीत, माहीत आहे ना?"

डोळे पुसून ती हसली. "बाई, नक्की ना?"

"नक्की."

या पोरीवर माझा जीव होता. खोटं कशाला सांगू, सगळ्या पोरांवर सारखा जीव असतो वगैरे म्हणणारे मास्तर मला ढोंगी वाटतात. पहिलीत आली तेव्हा ही एवढीशी. दप्तर पाठीवर घेतलं की मागून नुसतं दप्तरच चालताना दिसायचं. दुपारच्या सुट्टीनंतर तिची मान पडायला लागायची. मी माझ्या टेबलाखाली सतरंजी टाकून तिला झोपवायची, आणि वर बाकीच्यांचे पाढे चालायचे. पण हुशार! मुळाक्षरं दोन महिन्यांत पाठ. माझी एक सवय होती. पोरानं काही लिहिलं की ते तपासायचं नाही, त्यालाच म्हणायचं, बोट ठेवून वाच. आपण लिहिलेलं आपल्याच तोंडानं वाचलं की चूक आपोआप कळते. लोचना बोट ठेवून वाचायची, अडायची, स्वतःच खोडायची, पुन्हा लिहायची आणि मग माझ्याकडं बघायची. मी "बरोबर" म्हटल्याशिवाय ती जागेवरून हलायची नाही. अक्षर तर तिनं माझंच उचललं होतं, तेच वळण, तीच लांब शेपटीची वेलांटी.

त्याच दिवशी दुपारी मी ग्रामसेवकाकडं गेले. बालविवाह रोखायचं काम गावात ग्रामसेवकाचं. लिगाडे त्यांचं नाव, सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणायचे. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला.

"मॅडम, कशाला नसत्या भानगडीत पडताय? खताळांची भावकी मोठी आहे. उद्या तुम्हालाच त्या वस्तीवर शाळा चालवायची आहे."

"तुम्ही येणार की मी वर कळवू?"

"येणार ना. न येऊन सांगतो कुणाला! पण लेखी द्या. तोंडी तक्रारीवर मी मांडवात पाय ठेवणार नाही."

मी तिथंच बसून लेखी दिलं. एका पानात, खाडाखोड न करता. खाली ठळक सही केली आणि हुद्दा लिहिला. घरी परत येताना मी स्कुटीवर गाणं गुणगुणत होते. इतकी मी स्वतःवर खूश होते.

इथं मला आमच्या धंद्यातली एक गंमत सांगायला हवी. आता तसं होत नाही, पण तेव्हा वस्तीवर पोरं घरातच जन्मायची आणि त्यांची नोंद कुठंच नसायची. आई सांगायची, वैशाखात झाला, नाहीतर बैल मेला त्या साली झाली. मास्तर काय करणार? शाळा जूनमध्ये उघडते आणि पहिलीला सहा वर्षं पूर्ण लागतात. मग सरसकट एक जून. साल तेवढं मास्तर पोराच्या तोंडाकडं बघून ठरवायचे. आमचे आधीचे मुख्याध्यापक कोकरे गुरुजी यांनी बत्तीस वर्षांत अख्खी वस्ती एकाच दिवशी जन्माला घातली होती. सरपंच एक जूनचे, त्यांची बायको एक जूनची, भानुदास स्वतः एक जूनचा. गुरुजी म्हणायचे, "बाई, आपण ब्रह्मदेवाचे कारकून." मी पोट धरून हसायची.

सहा जूनला सकाळी दहाला मी पोचले. पटांगणात मांडव, स्पीकरवर सनई. शाळेच्या व्हरांड्यात वऱ्हाडातली माणसं पाय पसरून बसलेली. वर्गाच्या फळ्यावर कुणीतरी "शुभविवाह" लिहून आंब्याची पानं काढली होती. लोचना आतल्या खोलीत होती, अंगाला हळद, हातात हिरवा चुडा. मला बघितल्यावर तिचा चेहरा असा उजळला की मला आजही तो नीट आठवतो, नको असताना आठवतो.

भाऊसाहेब आले, बरोबर एक हवालदार. सनई थांबली. माणसं जमा झाली. नवरदेवाचा बाप "काय भानगड हाय?" म्हणत पुढं आला. मला वाटलं होतं, भानुदास शिव्या देईल, अंगावर येईल. मी त्याचीच तयारी करून आले होते. पण तो फेटा सावरत शांतपणे आला आणि हात जोडून म्हणाला, "या भाऊसाहेब. च्या घ्या."

"चहा राहू दे. तक्रार आहे. मुलगी अठराच्या आत आहे म्हणून. जन्माचा दाखला आहे का?"

"ग्रामपंचायतीत नोंद न्हाई. घरीच झाली ती."

"मग वय कशावरून धरायचं?"

"शाळंवरनं," भानुदास म्हणाला. "ही काय शाळा. हे काय कपाट. किल्ली बाईंच्याच पर्समधी हाय."

खरं सांगते, त्या क्षणापर्यंत माझ्या मनात काही आलं नव्हतं. लोक म्हणतील, असं कसं विसरता येतं? येतं. हजारो तारखा हाताखालून गेल्या होत्या. आणि माणूस आपल्या सोयीचं तेवढंच विसरतो, हे मला तेव्हा कळलं, कपाटाच्या कुलपात किल्ली फिरवताना. हात थांबला माझा.

"उघडा ना, मॅडम," भाऊसाहेब म्हणाले.

जनरल रजिस्टर मी टेबलावर ठेवलं. सन अठ्ठ्याण्णवचं पान भाऊसाहेबांनी स्वतःच काढलं. "खताळ लोचना भानुदास. दाखल तारीख अठ्ठावीस सप्टेंबर. जन्मतारीख..." ते थांबले. माझ्याकडं बघितलं. "एक जून एकोणीसशे ब्याण्णव. अक्षरी पण लिहिलंय."

हवालदारानं बोटांवर मोजलं. "म्हणजे अठरा पूर्ण होऊन पाच दिवस झाले की हो."

पान माझ्यासमोर होतं. लांब शेपटीची वेलांटी. शाई जराशी फिकी झालेली, पण अक्षर माझं.

अठ्ठ्याण्णवच्या सप्टेंबरात पट एकोणीस होता. वीसच्या खाली गेला की दुसरा शिक्षक अतिरिक्त ठरणार आणि तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला जाणार. दुसरा शिक्षक म्हणजे मी. माझी ऋजुता तेव्हा दहा महिन्यांची, अंगावर पिणारी, चार किलोमीटरवर सासूबाईंकडं ठेवलेली. मी दुपारच्या सुट्टीत सायकलवर जाऊन तिला पाजून यायची. कोकरे गुरुजी म्हणाले, "बाई, तीसला मोजणी आहे. एक पोर आणा कुठूनही." सिंधू खताळ तिसरीत होती, तिच्यामागं तिची धाकटी बहीण यायची आणि पायरीवर खडूनं रेघोट्या ओढत बसायची. मी भानुदासच्या घरी गेले. तो म्हणाला होता, "लई बारकी हाय बाई. दिवाळीला पाच पुरी हुतील." आणि मी म्हणाले होते... ते पुढं सांगते. गुरुजींनी रजिस्टर माझ्यापुढं सरकवलं. "तुम्हीच लिहा. माझी निवृत्ती जवळ आलीय." मी लिहिलं. अंकी आणि अक्षरी. दीड वर्षानं थोरली केली तिला एका ओळीत, आणि माझी नोकरी जागच्या जागी राहिली.

"साहेब, ही तारीख खोटी आहे," लोचनाचा आवाज आला. ती बायकांना बाजूला सारून पुढं आली होती. हळद लागलेल्या बोटानं पदर धरलेला. "आई म्हणते, भूकंप झाला तेव्हा मी पोटात होते. भूकंप त्र्याण्णवच्या सप्टेंबरात झाला. बाईंनीच शिकवलंय चौथीत. मग मी ब्याण्णवची कशी असेन?"

एखादं गणित फळ्यावर सोडवावं तशी ती बोलत होती. भाऊसाहेबांनी तिच्या आईकडं बघितलं. आईनं भानुदासकडं बघितलं आणि डोईवरचा पदर पुढं ओढला.

"पोरी, भूकंपाचा दाखला चालत नाही," भाऊसाहेब म्हणाले. वाईट वाटत होतं त्यांना, ते दिसत होतं. "शाळेचा चालतो."

"मग बाईंना विचारा. बाईंना माहीत आहे. बाई, मी पहिलीत दुपारी झोपायची ना? तुम्ही टेबलाखाली झोपवायचा मला. सतरंजीवर. सहा वर्षांचं पोर शाळेत झोपतं का, साहेब? सांगा ना, बाई."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. भाऊसाहेबांनी मला खिडकीपाशी घेतलं आणि आवाज खाली आणला.

"मॅडम, तक्रार तुमची आणि पुरावाही तुमच्याच शाळेचा. रजिस्टरमधली तारीख चुकीची आहे असं तुम्ही आत्ता लिहून द्या, मी आत्ता लग्न थांबवतो. वर डॉक्टरी तपासणी करून घेतो. पण मग ती चुकीची कुणी लिहिली, तेही लिहावं लागेल. अक्षर कुणाचं आहे?"

कोकरे गुरुजी चार वर्षांपूर्वी वारले होते. मेलेल्या माणसावर ढकलावं असंही माझ्या मनात येऊन गेलं, हेही सांगून टाकते. पण अख्ख्या तालुक्याला माझं अक्षर ठाऊक होतं. आणि माझ्यासमोर उभ्या असलेल्या पोरीला तर माझ्याहून जास्त.

भानुदास माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. त्याच्या आवाजात धमकी नव्हती, राग नव्हता. तो मला मदतच करत होता बिचारा.

"बाई," तो हळूच म्हणाला, "कागदावर थोरली झाली तर काय बिघडतंय?"

माझंच वाक्य होतं ते. बारा वर्षांपूर्वी त्याच्या ओसरीवर बसून, त्याच्या बायकोनं केलेला चहा पीत, मी हेच शब्द बोलले होते. वर म्हणाले होते, तेवढंच लवकर शिकून मोकळी होईल. त्यानं मान हलवली होती. मास्तरीणबाई म्हणते म्हणजे बरोबरच असणार.

ऋजुता तेव्हा सातवीत होती. खोटी नोंद, निलंबन, चौकशी, पेपरात नाव, शेजारपाजार, सासूबाईंचं तोंड... सगळं एकदम डोळ्यांपुढून गेलं. त्यात लोचना एकदाही आली नाही. हे मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही, आणि करणारही नाही.

"बाई, सांगा की," लोचना म्हणाली.

"मला आठवत नाही," मी म्हणाले.

"काय आठवत नाही?"

"झोपवल्याचं. खूप पोरं होती."

"एकोणीस होती, बाई. मी विसावी. तुम्हीच हाक मारायचा, ए विसावी, इकडं ये."

मारायची हाक. लाडानं मारायची.

भाऊसाहेबांनी पेन उघडलं. "मग मॅडम, जबाबात काय लिहू? तारीख बरोबर आहे की नाही?"

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर सगळ्यात खाली एक छापील ओळ असते. शेकडो वेळा तिच्याखाली सही केली होती. तीच तोंडातून बाहेर पडली.

"नोंदवहीप्रमाणे बरोबर आहे."

लोचना माझ्याकडं बघत राहिली. मी "बरोबर" म्हटल्यावर ती नेहमी जागेवर जाऊन बसायची. तशीच वळली आणि आतल्या खोलीत गेली. रडली नाही. मीच तिला शिकवलं होतं ना, रडायचं नाही म्हणून.

जबाबावर माझी सही घेतली. हवालदारानं चहा मागितला. सनई पुन्हा सुरू झाली. मी स्कुटीची किल्ली शोधत होते तेवढ्यात स्पीकरवर आवाज आला. आमच्या बारकीला घडवणाऱ्या ठोंबरे बाई मंडपात हजर आहेत, त्यांनी कृपया स्टेजवर येऊन सत्काराचा स्वीकार करावा! भानुदासनं स्वतः येऊन मला हाताला धरून नेलं. शाल, नारळ आणि खणाचा पीस. टाळ्या वाजल्या. नवरदेवाचा बाप म्हणाला, "बाई, गैरसमज झाला म्हनायचा. आसू द्या. कायदा हाय, इच्यारायला पायजेच." बारा पस्तीसला अक्षता पडल्या. मीही टाकल्या. हातात दिल्या होत्या कुणीतरी, त्यांचं दुसरं काय करणार?

पंधरा जूनला शाळा उघडली. पोरांनी खोली झाडली, अक्षता सुपात भरून कोंबड्यांना टाकल्या. फळ्यावरचं "शुभविवाह" मी स्वतः पुसलं. चौदा तारीख आदल्या दिवशीच उलटून गेली होती.

पुढं माझ्या बदल्या झाल्या. माझी ऋजुता डॉक्टर व्हायच्या वाटेवर होती, हे मी चारचौघांत सांगायची तेव्हा आवाज थोडा चढायचा आणि मग आपोआप उतरायचा. अठरा सालच्या जूनमध्ये मी तालुक्याच्या दुसऱ्या टोकाच्या एका गावात होते. वीस वर्षांपूर्वी ज्या टोकाला जाऊ नये म्हणून एवढं केलं, शेवटी तिथंच गेले. प्रवेशाचे दिवस होते. टेबलापुढं आयांची रांग. मान खाली घालून मी एकेक नाव लिहीत होते.

"नाव?"

"ईश्वरी."

आवाज ओळखीचा वाटला म्हणून वर बघितलं. लोचना. अंगानं भरलेली, कपाळावर ठसठशीत टिकली. एका हाताला मुलगी, तिच्या पाठीवर मात्र मापाचं दप्तर. याच गावात तिचं सासर होतं, हे मी विसरले होते. पुन्हा विसरले होते.

"लोचना," मी म्हणाले. "बस ना."

"नाही. रांग आहे मागं." तिनं पिशवीतून जन्माचा दाखला काढला. दवाखान्याचा, लॅमिनेशन केलेला. टेबलावर ठेवला आणि माझ्याकडं फिरवला. "तेवीस फेब्रुवारी दोन हजार बारा. बघून लिहा, बाई."

मी रजिस्टरमध्ये लिहिलं. अंकी लिहिलं, अक्षरी लिहिलं. ती वाकून माझ्या पेनच्या टोकाकडं बघत होती. लिहून झाल्यावर मी रजिस्टर मिटायला गेले, तर तिनं पानावर हात ठेवला.

"बोट ठेवून वाचा."

मागच्या बायका कुजबुजायला लागल्या. मी बोट ठेवलं आणि वाचलं. "तेवीस फेब्रुवारी, दोन हजार बारा."

"बरोबर," लोचना म्हणाली आणि हात काढला.

मग ती मुलीला घेऊन निघाली. मला काहीतरी बोलायचं होतं. काय ते आठ वर्षं ठरवत होते, पण त्या वेळी तोंडाला आलं ते कागदावर उरलेलं.

"लोचना, थांब. माहितीच्या फॉर्मवर एक रकाना राहिलाय. आईचं वय."

ती दारात थांबली. तिच्या चेहऱ्यावर राग शोधला मी. असता तर बरं वाटलं असतं.

"ते तुम्हीच लिहा, बाई," ती म्हणाली. "तुम्हाला ठाऊक आहे."

आणि गेली. रांगेतली पुढची बाई टेबलाशी आली, कागद पुढं करून उभी राहिली. मी पेन धरून बसले. लोचनाला दिवाळीत पंचवीस पूर्ण होणार होती. म्हणजे खरं वय चोवीस. पण तिचा दाखला, आधार कार्ड, मतदार यादी, सगळीकडं एक जून ब्याण्णव. कागदाला कागद जुळला पाहिजे.

मी सव्वीस लिहिलं.